किल्ट कालचा, फेटाही कालचा

स्कॉटलंडमध्ये १७४६ साली एक कायदा झाला. डोंगराळ भागातल्या पुरुषांनी कमरेला गुंडाळायचा तो चौकडीचा किल्ट घालायचा नाही. पहिल्यांदा सापडलात तर सहा महिने तुरुंग, दुसऱ्यांदा सापडलात तर सात वर्षं समुद्रापार रवानगी. कापडाच्या एका तुकड्यापायी! आत्याच्या प्रबंधात हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी आमच्या फ्रीमाँटच्या घराच्या जिन्यात बसून खो खो हसले होते. २००४ सालच्या सतरा जानेवारीला, शनिवारी, मी त्याच जिन्यात बसले होते आणि वाणाच्या प्लॅस्टिकच्या वाट्या मोजताना माझा आकडा सारखा चुकत होता.

त्या सकाळी साडेआठला पुण्याहून फोन आला होता. तिकडे तेव्हा रात्रीचे दहा. एकनाथकाका कधीच फोन करत नाहीत, आपणच करायचा असतो. म्हणून बाबाने नंबर बघताच आधी विचारलं, "कोण गेलं?"

कोणी गेलं नव्हतं. एकनाथकाका म्हणजे बाबाचे आणि देवयानीआत्याचे सख्खे काका, माझे काकाआजोबा. पेठेत त्यांचं फेटे-पगड्यांचं दुकान आहे, त्यांच्या वडिलांनी सुरू केलेलं. त्या दिवशी दुकान बंद करायच्या वेळी दोन माणसं आली होती. त्यांच्या हातात कम्प्युटरवरून छापलेला एक कागद होता आणि त्यावर मथळा होता, 'किल्ट कालचा, फेटाही कालचा!' माणसं म्हणाली, "यात लिहिलेली वही तुमच्याकडेच आहे ना? उद्या सकाळी सातला घरी येतो. काढून ठेवा."

"आवाज चढवला का?" बाबाने विचारलं.

"नाही रे. अगदी 'काका, काका' करत होते," काकाआजोबा म्हणाले. "तेच जरा बरं वाटलं नाही."

तिकडचे सकाळचे सात म्हणजे आमचे संध्याकाळचे साडेपाच. आमच्याकडे चार ते सहा हळदीकुंकू होतं. चौतीस बायका.

"कॅन्सल कर," बाबा म्हणाला.

"केलं तर का केलं ते सगळ्या विचारतील," आई म्हणाली. "आणि सहापर्यंत सांगून टाकतील सगळ्यांना. नको. होऊ दे."

कोणाला विशेष सांगायला नको होतं आम्ही का घाबरलो ते. बाराच दिवसांपूर्वी पुण्यात एका संशोधन संस्थेत जमाव शिरला होता. कपाटं पाडली होती, पोथ्या फाडल्या होत्या. का, तर एका पुस्तकात तिथल्या लोकांचे आभार मानले होते. नुसते आभार! आमच्याकडे तो आठवडा टीव्हीचा आवाज कमी करून बातम्या ऐकण्यात गेला होता. आणि आत्याच्या प्रबंधाच्या ऋणनिर्देशात पहिलंच नाव होतं काकाआजोबांचं. पूर्ण नाव.

पण त्या कागदाचं काय? तो आमच्या मराठी मंडळाच्या वेबसाइटवरचा लेख होता. लेखाखाली कोणाचंच नाव नव्हतं. मंडळाचं पत्रक सुवर्णाकाकू काढतात, म्हणून सकाळपासून घरात सगळा राग सुवर्णाकाकूंवर होता.

लेख मी लिहिला होता.

*

आईचं सांगते आधी, कारण त्या दुपारी सगळ्यात कठीण काम तिचं होतं. तिने हिरवी साडी नेसली, हलव्याचे दागिने टेबलावर मांडले, आणि दर पाच मिनिटांनी मायक्रोवेव्हचं घड्याळ बघत दारात हसत उभी राहिली. तिने मला नंतर सांगितलं की हळदीकुंकू लावताना तिला प्रत्येक बाईबद्दल एकच प्रश्न पडत होता. हिने तो लेख पुढे पाठवला असेल का? हिचा भाऊ पुण्यात आहे. हिची नणंद सदाशिवात. हिला सगळं फॉरवर्ड करायची सवय. कुंकू लावायचं आणि मनात म्हणायचं, ही असेल. पुढची. ही असेल.

"प्रतिमा, हात गार पडलेत गं तुझे," सुवर्णाकाकू म्हणाल्या.

"बर्फाचं सरबत केलं ना मघाशी."

"जानेवारीत?"

"मुलांना लागतं," आई म्हणाली. घरात मूल एकच, मी, पंधरा वर्षांची. मी मान हलवली.

सुवर्णाकाकू वाईट नाहीत हो. मोठ्याने हसतात, मोठ्याने जेवतात आणि डिसेंबरपासून मी एकटी सापडले की मला 'आमची लेखिका' म्हणतात. तेव्हापासून मी जरा हवेत होते, कबूल करते. आधी मी मंडळात कोपऱ्यात बसणारी मुलगी होते. आठव्या वर्षी इकडे आले, तेव्हापासून माझं मराठी पुस्तकी म्हणून मुलं हसायची आणि इंग्लिश देशी म्हणून शाळेत हसायचे. डिसेंबरात आत्याने मंडळात भाषण दिलं आणि काकूंनी विचारलं, "याचं कोणी चार ओळीत लिहून देईल का?" घरचे गाडी काढायला गेले होते; माझा हात वर गेला, आणि घरी छापील अंक दाखवूनच सांगायचं असं मी ठरवलं. एका रात्रीत लिहिलं. मथळा सुचला तेव्हा मी पलंगावर उडी मारली होती.

आता काकू दिवाणखान्यात बसून तिळाच्या वड्या खात होत्या आणि मला भीती वाटत होती की त्या मोठ्याने म्हणतील, आमची लेखिका कुठाय?

*

बाबा आणि आत्या गॅरेजमध्ये होते. पाहुण्या असताना भांडायला आमच्या घरात तीच जागा. मी वड्यांची थाळी घेऊन गेले, खरं तर ऐकायला गेले. आत्या वॉशिंग मशीनवर बसली होती, मांडीवर लॅपटॉप. बाबा गाडीच्या बॉनेटला टेकून उभा होता.

या दोघांचं आधी सांगायला हवं. आत्याने इंजिनिअरिंग सोडून इतिहास घेतला तेव्हा बाबा तिच्याशी दोन वर्षं बोलला नव्हता. तिच्या बाजूने एकटे काकाआजोबा उभे राहिले होते. बाबाला ते अजून टोचतं, आणि म्हणूनच त्या दिवशी बाबा जास्त चिडला होता.

"मंगळवारी तुझी पीएचडीची कमिटी. त्याच्या आत ते शेवटचं प्रकरण काढ," बाबा म्हणाला. "नुसतं स्कॉटलंड ठेव. स्कॉटलंडवर डिग्री घे, हवी तर दोन घे. पुण्यात कोण येणार आहे किल्टसाठी भांडायला?"

"दादा, शेवटच्या प्रकरणासाठीच बाकीची पाच आहेत."

"मग पाचावरच थांब!"

"तू वाचलंस का काय लिहिलंय ते?"

बाबा गप्प बसला. आत्याने ते 'नाही' असं धरलं.

"मी असं म्हटलेलं नाही की ते खोटं आहे," ती म्हणाली. "त्या लोकांची संसद १७०७ साली गेली. लढाई हरले. कपडे घालायला बंदी आली. छत्तीस वर्षांनी बंदी उठली तोपर्यंत तो किल्ट घालणारे निम्मे म्हातारे होऊन मेले होते. आणि मग ज्या खालच्या सपाटीवरच्या लोकांना हे डोंगरातले लोक चोर वाटायचे, त्यांनीच तो अंगात चढवला आणि म्हणाले, हा आमचा! गिरण्यांनी नमुने विणले. आधी नुसते नंबर होते, मग एकेका घराण्याचं नाव दिलं. माणसांनी ते मनापासून घातलं दादा, त्यात मेले, त्यात लग्नं केली. आणि गेलेली संसद जवळजवळ तीनशे वर्षांनी मतदान करून परत आणली. घडवलेलं आहे. खोटं नाहीये. हे मी त्यांच्याच लोकांपुढे बोलले की नाही? काय झालं? डंकनआजोबांनी काय केलं?"

डंकनआजोबा आमच्या घरात फेमस होते. ऑक्टोबरात इथल्या स्कॉटिश वंशाच्या लोकांच्या क्लबने आत्याला जेवायला आणि बोलायला बोलावलं होतं. मीही गेले होते. साठेक माणसं, निम्मी किल्टमध्ये, जेवायला काहीतरी ओट्सचं. आत्या म्हणाली की तुमच्या घराण्याचं म्हणून जे टार्टन, म्हणजे चौकडीचं कापड, तुम्ही घालता ते गिरणीच्या वहीत आधी नुसता एक नंबर होतं. डंकन नावाचे ऐंशीच्या वरचे आजोबा उठले. चेहरा बिटासारखा. म्हणाले, माझ्या वडिलांना याच कापडात पुरलंय. आणि मग आजोबा म्हणाले, "तर मग आमचा नंबर कितवा होता?"

हॉल हसला. आत्या रडली. नंतर त्यांनी आम्हाला गाडीपर्यंत सोडलं.

"डंकनआजोबा एकटे होते," बाबा म्हणाला. "एकटा माणूस नंबर विचारतो गं. दहा जण आले की नाही विचारत."

"ते स्कॉटिश लोक..."

"काय स्कॉटिश लोक? संत आहेत? १७०६ साली, संसद विलीन करायचा तह व्हायच्या आधी, एडिंबरामध्ये माजी महापौराच्या घरावर जमाव चालून गेला नव्हता? दारावर घण घातले नव्हते? बायकोने खिडकीत मेणबत्त्या धरून ओरडून पहारेकऱ्यांना बोलावलं म्हणून वाचला तो. तुझं दुसरं प्रकरण, देवू. पान एक्क्याऐंशी."

आत्याने मान वर केली. माझ्या हातातली थाळी वाकडी झाली.

"तू वाचलंयस," ती म्हणाली.

"लंचमध्ये," बाबा म्हणाला आणि बॉनेटवरची नसलेली धूळ पुसली. "सगळं वाचलंय. चांगलं लिहिलंयस. म्हणूनच म्हणतोय. काकाची बायको खिडकीत मेणबत्ती घेऊन उभी राहिली तर कोण येणार आहे?"

पलीकडून बायकांच्या हसण्याचा आवाज आला. पाच वाजायला दहा मिनिटं होती.

शेवटच्या प्रकरणात काय होतं ते सांगते. काकाआजोबांच्या वडिलांची एक नमुन्यांची वही होती, १९३४ सालची. पानापानावर फेट्याच्या बांधणीचं चित्र, बाजूला कापडाचा तुकडा चिकटवलेला, आणि नंबर. सहा नंबरच्या बांधणीपुढे नंतर वेगळ्या शाईने एका सरदार घराण्याचं नाव लिहिलेलं होतं. काकाआजोबांनीच आत्याला हसत सांगितलं होतं की त्यांच्या वडिलांनी पाटीवर भारदस्त दिसावं म्हणून ते नाव घातलं, आणि चाळीस वर्षांनी लोक येऊन म्हणायला लागले, आमचा तीनशे वर्षांचा फेटा बांधून द्या. काकाआजोबाही बांधून द्यायचे. मनापासून, एकेक निरी बोटाने दाबून. ते घराणं कोणतं ते मी इथे लिहिणार नाही. एकदा लिहून बघितलंय.

"त्या सुवर्णाला नाव-पत्ता छापायची काय गरज होती?" बाबा एकदम उसळला. "प्रबंध कोण वाचणार होतं? पाच प्रोफेसर! हिने वेबसाइटवर टाकलं, दुकानाचा पत्ता टाकला, वर लिहिलं 'पुण्याला गेलात तर जरूर भेट द्या'! मी आत्ता आत जाऊन तिला विचारतो."

"दादा, बायका आहेत आत."

"असू देत. सगळ्यांदेखत विचारतो."

तो दाराकडे निघाला. तिथे मी उभी होते. आणि मला सांगायला आवडलं असतं की मी शूरपणे बोलले, पण खरं म्हणजे बाबाला दारातून जाऊ द्यायला मला बाजूला सरकताच येईना.

"मी लिहिलंय," मी म्हटलं.

"काय?"

"लेख. मथळा पण. पत्ता पण मीच टाकला. काकूंनी नुसता चढवला."

बाबा ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो परत जाऊन बॉनेटला टेकला आणि मोठी माणसं एकदम म्हातारी दिसतात ना, तसा दिसला.

"पत्ता का गं?" त्याने विचारलं.

"मंडळाच्या पत्रकात सगळेच टाकतात. मसाल्यांचं दुकान, पैठणीचं. काकाआजोबांकडे गिऱ्हाईक येईल म्हणून."

मी आत्याकडे बघितलं. मला वाटलं, ती तरी म्हणेल, असू दे. आत्या माझी होती. मला प्रबंध वाचायला देणारी, माझ्या मराठीला न हसणारी. तिने लॅपटॉप मिटला.

"कालचा म्हणजे खोटा, असं मी भाषणात कुठे म्हटलं होतं, सावनी?"

"नव्हतं म्हटलं."

"मग ते उद्गारचिन्ह कोणाचं?"

मी रडायला लागले. तिने थांबवलं नाही.

दार उघडून आई आली. नाकाच्या शेंड्यावर कुंकवाचा ठिपका, हातात हळदीचा करंडा. तिने तिघांकडे बघितलं आणि तिला कोणी काही सांगावं लागलं नाही. लेख माझा आहे हे तिला दुपारीच कळलं होतं म्हणे, कारण मी सकाळपासून एकदाही बडबडले नव्हते.

"देवयानी," आई म्हणाली. आई आत्याला कधी पूर्ण नावाने हाक मारत नाही. "ती पंधरा वर्षांची आहे. तिने मथळा चुकवला. तू बत्तीस वर्षांची आहेस. तू काकांचं पूर्ण नाव पहिल्या पानावर घातलंस. कशासाठी?"

"कारण ते त्यांचं आहे, वहिनी. त्यांनी मला सगळं दिलं. नाव न घेणं ही चोरी झाली असती."

"त्यांना विचारलं होतंस?"

"ते खूश झाले होते! छापील नाव बघायचंय म्हणाले होते."

"डिसेंबरात. आता विचार." आईने कार्डलेस फोन तिच्या हातात दिला. "सव्वापाच झालेत. ते लोक यायच्या आत विचार."

बाबाने खिशातून कॉलिंग कार्ड काढलं. तो आकडे वाचत गेला, आत्या दाबत गेली. चुकली. परत. कार्डवाल्या बाईने गोड आवाजात सांगितलं की तुमच्याकडे अकरा मिनिटं आहेत. मग पुण्याची रिंग. आपल्याकडची रिंग कशी लांब असते ना, दोनदा वाजून थांबणारी. वाजत राहिली.

कोणी उचलला नाही.

"काका साडेसहाला दूध आणायला जातात," बाबा म्हणाला.

"आणि काकू?"

"काकू देवळात."

पाच वीसला पुन्हा लावला. नाही. साडेपाचला पुन्हा. आता सात वाजले होते तिकडे. मी मनातल्या मनात त्यांचा जिना चढत होते. चौदा पायऱ्या, वळणावर सायकल, मग दार. दाराला कडी जुनी, बाहेरून ढकललं तरी हलते. मला सारखा तो महापौर दिसत होता, आणि त्याला काकाआजोबांसारखी पांढरी दाढी होती.

आतून सुवर्णाकाकूंची हाक आली, "प्रतिमाऽ, आम्ही निघतो हं! आमची लेखिका कुठे लपलीय?"

"जा," आई मला म्हणाली. "तोंड धू आणि वाण दे. हसून दे."

मी गेले. हसून दिलं. एकेकीच्या ओटीत प्लॅस्टिकच्या वाट्यांचा सेट. काकूंनी गालाला हात लावला, "अगं, डोळे का लाल?" मी म्हटलं, ॲलर्जी. त्या म्हणाल्या, "तुझा तो लेख ना, तीनशे लोकांनी वाचलाय! पुण्याहून मेल येतायत. पुढच्या अंकात काय देतेस?" मी म्हटलं, "बघते, काकू."

*

फोन लागला तेव्हा सहाला आठ मिनिटं होती. शेवटच्या दोघी बायका दारात चपला शोधत होत्या. आईने त्यांना अक्षरशः हाताने बाहेर काढलं आणि दार लावलं. बाबाने स्पीकर लावून फोन जेवणाच्या टेबलावर हलव्याच्या दागिन्यांमध्ये ठेवला.

"काका? काका, ठीक आहात ना?"

"आहे रे. आहे." आवाज त्यांचाच होता, पण ओला टॉवेल पिळल्यासारखा. "आत्ता गेले."

"किती जण?"

"पाच. दोन जिन्यात थांबले. काकूने चहा केला. प्यायले. चपला नाही काढल्या."

"मारलं का?" बाबाने विचारलं.

"छे. एकाने पाठीवर हात ठेवला. नुसता ठेवला." ते थांबले. "बराच वेळ ठेवला."

आत्याने तोंडावर पदर दाबला. ती पदर कधी घेत नाही, हळदीकुंकवासाठी साडी नेसली होती.

"वही मागितली. मी दिली."

"काका!" आत्या म्हणाली.

"दिली गं. काय करू? म्हणाले, अभ्यास करून परत देऊ. एकाने उघडून बघितली. सहा नंबरचं पान काढलं, तर तो कापडाचा तुकडा सुटून खाली पडला. गोंद जुना. त्या पोराने वाकून उचलला, कपाळाला लावला आणि पुन्हा पानात नीट ठेवला. मग वही पिशवीत घातली." फोनमधून काकू मागे काहीतरी म्हणाल्या. "हो, सांगतो. देवू, तुझ्याकडे झेरॉक्स आहेत ना?"

"चार पानांचे. पण काका, मूळ वही नसेल तर त्या झेरॉक्सना कोण विचारतं? कोणीही म्हणेल हिनेच बनवले."

"मग ते प्रकरण ठेव की नको ठेव, तुझं तू बघ. त्यातलं मला काही कळत नाही. माझं नाव तेवढं काढ. पहिल्या पानावरून, आणि आत कुठे असेल तिथून."

आता बघा गंमत. गंमत नाही, पण दुसरा शब्द सापडत नाही मला. सकाळपासून बाबा हेच म्हणत होता. नाव काढ, प्रकरण काढ. आणि आता तो टेबलावर दोन्ही हात ठेवून वाकला आणि म्हणाला, "नाही काका. नाव राहील. तुम्ही आत्ताच्या आत्ता पोलिसांत जा. मी इथून कॉन्सुलेटला लिहितो, पेपरला लिहितो. असं कसं घाबरून..."

"सत्या," काकाआजोबा म्हणाले. "जाईन पोलिसांत. मग दहा वाजता दुकान उघडायचंय मला. तुम्ही तिथे आहात, बाळा. मला इथे राहायचंय."

बाबा खुर्चीत बसला. आत्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्या दोघांना एकमेकांना हात लावताना मी पहिल्यांदा बघितलं, आणि दोघंही दुसरीकडे बघत होते.

"सावनी आहे का तिथे?" काकाआजोबांनी विचारलं.

आईने मला पुढे ढकललं.

"काकाआजोबा, मी लिहिलं ते. सॉरी. मी..."

"माहितीये मला. वाचलं तेव्हाच कळलं. सत्या फोनवर म्हणाला त्या सुवर्णाबाईंचं वय नाही त्यात." ते हसले की खोकले, मला कळलं नाही. "त्या माणसांनीच वाचायला दिला कागद. छान लिहितेस गं. 'जरूर भेट द्या' वाचून मला बरंसुद्धा वाटलं. आता अजून एक लिहिशील?"

"हो."

"घे लिहून. तुमच्या त्या पत्रकात उद्याच आलं पाहिजे, ते लोक बघणार आहेत. लिही, मागच्या लेखात एकनाथ यांच्या दुकानातल्या वहीचा उल्लेख चुकून झाला होता. अशी कोणतीही वही नाही."

माझ्या हातात पेन होतं, समोर वाणाच्या यादीचा कागद, चौतीस नावं, बरोबरच्या खुणा. मी त्याच्या मागे 'चुकून' एवढं लिहिलं आणि थांबले.

"काकाआजोबा, पण हे खोटं आहे."

"नाही गं," ते म्हणाले. "आता खरंच नाहीये ना. तू कशाला खोटं लिहिशील?"

कार्डवाली बाई मध्ये बोलली, तुमच्याकडे एक मिनिट आहे. मग लाइन गेली.

मी दोन ओळी पूर्ण केल्या. बाबाने वाचल्या आणि आईकडे दिल्या. आईने वाचल्या आणि आत्याकडे दिल्या. आत्या माझ्या प्रत्येक निबंधावर हिरव्या शाईने खुणा करते. पुरावा कुठाय, हे कोण म्हणतं, हे कशावरून. तिने ते वाक्य कितीतरी वेळ वाचलं. हिरवं पेन तिच्या पर्समध्येच होतं. तिने ते काढलं नाही. कागद माझ्या हातात परत दिला आणि म्हणाली, "बरोबर आहे. पाठव."